तीस वर्षांनंतर 'सध्या काय करतोस?' हे विचारायचे कसे?

(एक चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

अनुलेखा

आमच्या तुकडीला पदवी घेऊन यंदा तीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने प्रत्येकाने स्वतःविषयी एक पान लिहावे आणि ती सगळी पाने एकत्र करून एक छोटी स्मरणिका काढावी, असे ग्रुपवर ठरले. असे काही ठरले की ते काम कोणाच्या तरी गळ्यात पडतेच, यावेळी ते माझ्या गळ्यात पडले. मी एक ऑनलाइन फॉर्म तयार केला आणि त्यात नाव, सध्याचे पद, आजवर काम केलेल्या संस्था, पुरस्कार व सन्मान, कुटुंब आणि शेवटी 'आणखी काही सांगायचे असल्यास' असे रकाने ठेवले.

आलेली उत्तरे सरळसरळ दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात कनिष्ठ अधिकाऱ्यापासून संचालकापर्यंतची सगळी पदे सालवार दिलेली असतात, आणि ती वाचून झाल्यावरही ज्या मित्राला आपण पंचवीस वर्षे भेटलेलो नाही त्याची खबरबात अशी काही कळत नाही. दुसऱ्या प्रकारात 'विशेष काही नाही, सगळे ठीक' एवढेच असते. हे दुसरे उत्तर पाठवणाऱ्यांत आमच्या वेळची सर्वांत हुशार मुलगीही आहे, जिच्या वह्यांच्या जोरावर आमच्यापैकी कितीतरी जण उत्तीर्ण झाले. या दोन्ही प्रकारांपेक्षा मोठा गट मात्र मिठाची गुळणी धरून बसला आहे. संदेश वाचला जातो, निळ्या खुणा दिसतात, पण उत्तर येत नाही.

ज्यांनी असे काम केले आहे त्यांना विचारायचे ते असे. काय विचारले म्हणजे माणसे मनापासून लिहितील? ज्यांनी काहीच पाठवलेले नाही त्यांचा पाठपुरावा कुठवर करावा? आमच्यातील काही जण आता हयात नाहीत, त्यांची नोंद कशी घ्यावी? एका मित्राचे म्हणणे असे की पद आणि पुरस्कार हे रकानेच काढून टाकावेत, म्हणजे तुलनेचा प्रश्न उरणार नाही. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्याला नीट सांगताही येत नाही.

तळटीप

आपल्या फॉर्ममधील रकाने वाचल्यावर आलेल्या उत्तरांचे मला आश्चर्य वाटले नाही. नोकरीच्या अर्जात असतात तेच रकाने समोर ठेवले की माणूस नोकरीचा अर्जच भरतो, आणि ज्याला त्या रकान्यांत बसेल असे काही सापडत नाही तो 'विशेष काही नाही' असे लिहून मोकळा होतो. आपल्या हुशार मैत्रिणीकडे सांगण्यासारखे काही नाही असा याचा अर्थ होत नाही. तिच्याकडे जे आहे ते आपण विचारलेलेच नाही, एवढाच याचा अर्थ आहे.

सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या तयार करणे हा अनेक वर्षे माझ्या पोटापाण्याचा उद्योग होता, त्यामुळे गप्प बसलेल्या मोठ्या गटाविषयी थोडे सविस्तर लिहितो. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या १९२४ च्या तुकडीचा सर्वसाधारण पदवीधर वर्षाला २५,१११ डॉलर मिळवतो, अशी एक बातमी तिकडे विसाव्या शतकाच्या मध्याला छापून आली होती. त्या काळाच्या मानाने ही रक्कम डोळे दिपवणारी होती. डॅरेल हफ यांनी १९५४ मध्ये आकडेवारीच्या गैरवापरावर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिले, त्याची सुरुवातच त्यांनी या बातमीची चिरफाड करून केली. त्यांचा मुद्दा साधा होता. इतक्या वर्षांनी ज्यांचे पत्ते विद्यापीठाला ठाऊक असतात ते बहुधा नावारूपाला आलेले असतात. पत्ता ठाऊक असलेल्यांपैकी ज्यांना आपले उत्पन्न सांगण्यात संकोच वाटत नाही तेच उत्तर पाठवतात. आणि उत्तर पाठवणाऱ्यांपैकी काही जण आकडा फुगवतात, तर काही कराच्या धास्तीने तो कमी करून सांगतात. म्हणजे दोन चाळण्यांतून गाळून आलेल्यांची सरासरी काढायची आणि ती सगळ्या तुकडीच्या नावावर खपवायची, असा तो प्रकार होता.

आपल्या स्मरणिकेचे घोडेही इथेच पेंड खाणार आहे. आलेली पाने वाचून 'आपली तुकडी कुठल्या कुठे पोहोचली' असे एखादे वाक्य प्रस्तावनेत लिहिण्याचा मोह होईल, तो कृपया टाळावा. किती जणांना विचारले, किती जणांनी लिहिले आणि किती जणांचा ठावठिकाणाच लागला नाही, हे तीन आकडे प्रस्तावनेत प्रांजळपणे दिले तर वाचणाऱ्याला आपण नेमके काय वाचत आहोत हे कळते आणि ज्याने लिहिले नाही त्यालाही आपण एकटेच मागे राहिलो असे वाटत नाही.

तुलनेबद्दल आणखी एक गोष्ट. आपल्या आधीच्या किंवा नंतरच्या तुकडीशी तर तुलना करूच नये. कॅनडातील पदवीधरांच्या दीर्घकालीन नोंदी तपासून फिलिप ओरिओपोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की सर्वसाधारण मंदीच्या काळात पदवी घेणाऱ्यांची कमाई सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांनी कमी असते, पाच वर्षांत हा फरक निम्म्यावर येतो आणि तो पुसला जायला जवळपास दहा वर्षे लागतात. ज्यांना पहिली नोकरी लहान किंवा कमी पगाराच्या कंपनीत मिळते ते नोकऱ्या बदलत बदलत हळूहळू वर येतात. चांगल्या वर्षी बाहेर पडलेल्याला हे कधी करावेच लागत नाही, आणि बऱ्याचदा त्याला तो स्वतःच्या कर्तबगारीचा भाग वाटतो. एका तुकडीत मात्र पदवीचे वर्ष सगळ्यांचे एकच असते. म्हणून 'पहिली नोकरी कशी मिळाली, आणि ती तुम्हाला हवी होती का?' हा प्रश्न जरूर ठेवा. त्याला सगळ्यांकडे उत्तर असते, आणि ज्यांचे पुढे नाव झाले त्यांच्याकडेही ते बहुधा ऐटबाज नसते.

मध्यंतर

आमच्या तुकडीची दहाव्या वर्षीची आणि पंचविसाव्या वर्षीची अशा दोन्ही स्मरणिकांचे संपादन माझ्याकडे होते, म्हणून प्रत्यक्ष कामाविषयी लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे फॉर्म बंद करा आणि पत्र लिहा. पत्रात तीन-चारच प्रश्न असावेत आणि त्यांची उत्तरे सलग लिहून पाठवावीत असे सांगावे. हार्वर्ड विद्यापीठाच्या तुकड्या दर पाच वर्षांनी असा अहवाल काढतात आणि लाल बांधणीमुळे तो 'रेड बुक' म्हणूनच ओळखला जातो. त्यात नाव-पत्त्याचा तपशील वर थोडक्यात असतो आणि खाली प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहिलेला मजकूर असतो. तपशील आणि मजकूर यांची ही फारकत फार कामाची आहे. पद, संस्था, शहर हे दोन ओळींत एकदाचे सांगून झाले की माणूस उरलेल्या पानावर दुसरे काहीतरी लिहितो, कारण तेच पुन्हा लिहिण्याची सोय उरत नाही. आपल्या मित्राचे म्हणणे आपल्याला का पटत नाही याचे उत्तरही मला वाटते यातच आहे. पदाचा रकाना काढून टाकला तर पद सगळ्या मजकुरात पसरते. त्याला त्याची जागा द्यावी आणि त्या जागेतच ठेवावे.

दुसरे असे की प्रश्न कोणत्या काळाबद्दल आहे हे स्पष्ट सांगावे. उतारवयाकडे झुकलेल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी विचारल्या तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी इतर काळापेक्षा जास्त येतात, ही मानसशास्त्रात वारंवार आढळलेली गोष्ट आहे. आमच्या पंचविसाव्या वर्षीच्या स्मरणिकेत पहिल्या फेरीत आलेली निम्मी पाने वसतिगृह, परीक्षा आणि प्राध्यापकांच्या लकबी यांवरच होती. वाचायला मजा आली, पण त्या गोष्टी आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक होत्या. ठाऊक नव्हती ती मधली वर्षे. म्हणून दुसऱ्या फेरीत मी 'वयाच्या पस्तिसाव्या ते पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंतच्या काळातली एक गोष्ट लिहा' असेच विचारले.

या कामात डॅन मॅकॲडम्स यांच्या मुलाखतपद्धतीचा मला उपयोग झाला. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील या मानसशास्त्रज्ञांनी माणसांच्या जीवनकथांचा अभ्यास करण्यासाठी एक मुलाखत तयार केली. तिच्यात प्रथम 'तुमचे आयुष्य हे पुस्तक मानले तर त्याची प्रकरणे कोणती?' असे विचारतात आणि मग सर्वांत चांगला प्रसंग, सर्वांत वाईट प्रसंग आणि वळण देणारा प्रसंग विचारतात. स्मरणिकेसाठी 'सर्वांत वाईट प्रसंग' असे थेट विचारणे बरे दिसत नाही आणि तो आपला अधिकारही नाही. मात्र प्रकरणांची नावे मागितली तर माणसे खुलतात. एकाने पाठवलेली नावे अशी होती: 'बदल्या', 'बदल्यांना नकार', 'नकाराची किंमत' आणि 'घरापासून चालत जाता येईल अशी नोकरी'. चार नावांत पंचवीस वर्षे आली. त्याच माणसाने दहाव्या वर्षीच्या स्मरणिकेत फक्त हुद्दा आणि दूरध्वनी क्रमांक दिला होता.

'विशेष काही नाही' लिहिणाऱ्यांसाठी मी फोन करत असे आणि एकच प्रश्न विचारत असे: 'गेल्या पंचवीस वर्षांत कोणता निर्णय घ्यायला तुला सर्वांत जास्त वेळ लागला?' आमच्या एका मैत्रिणीने पहिल्यांदा 'गृहिणी, दोन मुले' इतकेच पाठवले होते. या प्रश्नावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, 'पुन्हा परीक्षेला बसायचा.' सासऱ्यांच्या दीर्घ आजारपणात औषधांची आणि विम्याची कागदपत्रे सांभाळता सांभाळता तिला हिशेबाची गोडी लागली होती. मुले कॉलेजात गेल्यावर तिने लेखापरीक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि आता ती लहान संस्थांचे हिशेब तपासते. उत्पन्न फारसे नाही, असे तिने स्वतःच सांगितले. मी ते बोलणे जसेच्या तसे लिहून तिला वाचायला पाठवले. तिने त्यात दोन दुरुस्त्या केल्या, एक वाक्य काढायला लावले आणि पान छापायला परवानगी दिली. स्मरणिका निघाल्यावर तिला सर्वांत जास्त फोन आले.

पाठपुराव्याची मर्यादा विचाराल तर एक पत्र, एक आठवण आणि एक फोन एवढे पुरे. त्यानंतरही कोणी नको म्हणाले तर त्याचे नाव यादीत ठेवावे आणि पुढे काहीही लिहू नये. 'संपर्क होऊ शकला नाही' असे तर मुळीच छापू नये, कारण संपर्क झालेला असतो आणि त्या माणसाने नकार दिलेला असतो.

सरळरेघ

इथे एक वेगळा सूर लावतो. यश सांगणाऱ्याला आपण जरा जास्तच लाजवतो आहोत का, याचा विचार व्हावा. ज्याने एकाच प्रयोगशाळेत तीस वर्षे घालवून एखादे उपकरण सिद्ध केले, जो शिक्षक म्हणून लागला आणि मुख्याध्यापक होऊन शाळेचा निकाल बदलून दाखवला, त्याने ते का लिहू नये? पदांची यादी कंटाळवाणी होते ती पदांमुळे नव्हे. त्या पदावर बसून काय केले हे लिहिलेले नसते म्हणून ती कंटाळवाणी होते. 'संचालक, २०१४ पासून' या ओळीऐवजी 'संचालक झाल्यावर पहिला कोणता निर्णय फिरवला' हे लिहायला सांगा, म्हणजे फुशारकी मारणाऱ्यालाही विचार करावा लागेल आणि ज्याने खरोखर काम केले आहे त्याला ते मोकळेपणाने सांगता येईल. अपयशाच्या कबुलीजबाबांचेही हल्ली एक प्रदर्शन असते, आणि ते बढत्यांच्या यादीइतकेच एकसुरी असते.

उत्तरार्ध

सरळरेघ यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. त्याला जोडूनच एक निरीक्षण नोंदवते. 'संकट आले, मी खचलो, मग सावरलो आणि आज त्या संकटाचा आभारी आहे' हा साचा आता इतका रुळला आहे की माणसे नकळत आपली हकिकत त्यात ओततात. मॅकॲडम्स यांनीही वाईटातून चांगले निघणाऱ्या अशा कथनांवर बरेच लिहिले आहे. काही गोष्टींतून मात्र चांगले काहीच निघत नाही, त्या फक्त घडतात आणि माणूस त्यांच्यासह जगतो. आपल्या पत्रात 'याचा शेवट गोड असलाच पाहिजे असे नाही' एवढे एक वाक्य घातलेत तर काही जणांना लिहिणे सोपे जाईल.

माझा मूळ मुद्दा वेगळा आहे. आपल्या फॉर्ममधील 'आजवर काम केलेल्या संस्था' हा रकाना ज्यांच्या नोकरीत खंड पडला त्यांना पहिल्याच ओळीत गारद करतो, आणि अशांमध्ये स्त्रिया जास्त असतात. मारियान बर्ट्रांड, क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी शिकागो विद्यापीठातून १९९० ते २००६ या काळात व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्यांचा अभ्यास केला. पदवीनंतर लगेचच स्त्री-पुरुषांच्या कमाईत फारसा फरक नव्हता, पण दहा-पंधरा वर्षांत मोठी तफावत पडली. तिची कारणे त्यांना मुख्यतः तीन गोष्टींत सापडली. शिक्षणातील विषय आणि गुण यांत थोडा फरक होता, पण त्याहून महत्त्वाचे ठरले ते कामात पडलेले खंड आणि दर आठवड्याच्या कामाच्या तासांतील फरक, आणि या शेवटच्या दोन्हींचा संबंध बव्हंशी मुलांच्या जन्माशी होता. गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते स्त्रियांच्या श्रमबाजारातील स्थानावरील अशाच दीर्घ संशोधनासाठी. एकाच वर्गातून, एकाच वर्षी, जवळपास सारख्या गुणांनी बाहेर पडलेल्यांची वाट पुढे कुठे फुटते हे त्यातून कळते. फॉर्मने ती जागा रिकामी ठेवायला लावली तर स्मरणिकेतून नेमके तेच निसटते.

याच संदर्भात मिल्स कॉलेजच्या पदवीधर स्त्रियांचा अभ्यास आठवतो. रॅव्हेना हेल्सन यांनी १९५८ आणि १९६० च्या तुकड्यांतील स्त्रियांचा मागोवा घ्यायला सुरुवात केली आणि तो त्यांच्या सत्तरीपर्यंत चालू ठेवला. ठरावीक वयात लग्न, ठरावीक वयात मुले, किंवा ठरावीक वयात नोकरीत अमुक एक पायरी, असे समाजाने लावून दिलेले घड्याळ कोण पाळते, कोण पाळत नाही आणि त्याचे पुढे काय होते हे त्यांनी पाहिले. तिशीच्या आत जे चित्र दिसत होते ते चाळिशी-पन्नाशीत बरेच बदलले. अनेकींचा आत्मविश्वास आणि स्वतंत्र बाणा मध्यम वयात वाढला, आणि त्याच कॉलेजच्या वेगवेगळ्या वयांच्या माजी विद्यार्थिनींना विचारले तेव्हा पन्नाशीच्या सुरुवातीच्या काळाला उत्तम म्हणणाऱ्या पुष्कळ निघाल्या. आपली तुकडी आता नेमकी त्याच वयात आहे, म्हणून 'आजवर काय झाले' याच्या जोडीला 'आता काय सुरू केले आहे' हेही विचारावे. मध्यंतर यांच्या मैत्रिणीचे हिशेबतपासनीस होणे हे काही अपवादात्मक उदाहरण नव्हे.

अनुलेखा

सर्वांचे आभार. फॉर्म काल बंद केला आणि पत्राचा मसुदा लिहायला घेतला आहे. वर दोन ओळींचा तपशील, खाली पहिली नोकरी, मधल्या वर्षांतील एक गोष्ट, सर्वांत जास्त वेळ घेतलेला निर्णय आणि सध्या नव्याने काय सुरू आहे, असे चार प्रश्न ठेवते. ज्यांच्याकडे पद आहे त्यांना सरळरेघ यांचा प्रश्न जोडून पाठवीन.

दरम्यान दोन नव्या अडचणी आल्या आहेत. एका मित्राने आपल्या घटस्फोटाविषयी फार मोकळेपणाने लिहिले आहे. लेखन उत्तम आहे, पण त्याची पूर्वीची पत्नीही आमच्याच तुकडीतली आहे. दुसऱ्या एका मैत्रिणीने विचारले की पन्नाशीत लिहिलेल्या या पानावरून लोक आपल्याविषयी कायमचे मत करून घेणार असतील तर लिहायचेच कशाला. तिला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही.

तळटीप

आपल्या मैत्रिणीला हार्वर्डच्याच एका अभ्यासाविषयी सांगता येईल. १९३८ मध्ये तेथील विद्यार्थ्यांमधून निवडलेल्या तरुणांचा मागोवा घ्यायला सुरुवात झाली. १९३९ ते १९४४ या तुकड्यांतील २६८ जण त्यात होते आणि पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जॉन केनेडी त्यांतले एक. दर दोन वर्षांनी प्रश्नावली, मधूनमधून मुलाखती आणि वैद्यकीय तपासण्या असा हा उद्योग त्यांच्या म्हातारपणापर्यंत चालला. नंतर त्याला बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतील ४५६ मुलांचा अभ्यास जोडला गेला, आणि आता पुढच्या पिढीचाही त्यात समावेश आहे. सगळे पुरुष, सगळे गोरे आणि सगळे एकाच विद्यापीठाचे, ही मूळ गटाची मोठी मर्यादा आहे आणि त्यावरून सगळ्या जगाविषयी निष्कर्ष काढणे योग्य नाही. तरी एका बाबतीत हा अभ्यास अमोल आहे, कारण त्यात माणसांनी नंतर आठवून सांगितलेले तर आहेच, पण त्या त्या वयात जे सांगितले तेही नोंदलेले आहे. दीर्घ काळ या अभ्यासाची धुरा वाहणारे जॉर्ज व्हेलंट यांनी दाखवून दिले की तरुणपणी ज्यांच्याविषयी संशोधकांना काहीच आशा वाटत नव्हती असे काही जण उतारवयात समाधानी आणि माणसांत रमलेले निघाले. जवळच्या नात्यांचा म्हातारपणातील प्रकृतीशी आणि समाधानाशी घट्ट संबंध दिसतो, हे त्यांच्यानंतरचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर आवर्जून सांगतात.

त्यामुळे मैत्रिणीची शंका रास्त असली तरी तिच्यावर उपाय आहे. प्रत्येक पानाखाली लिहिल्याचा महिना आणि वर्ष छापावे. हे त्या माणसाचे त्या दिवशीचे म्हणणे आहे, एवढे त्यातून वाचणाऱ्याला कळते. शिवाय दहा वर्षांनी पुढची स्मरणिका काढाल तेव्हा प्रत्येकाला त्याचे हे पान परत पाठवा आणि त्याच्याच खाली पुढचे लिहायला सांगा. आठवणीतून तीस वर्षे लिहिण्यापेक्षा असे टप्प्याटप्प्याने साचलेले लेखन कितीतरी विश्वासार्ह असते.

मध्यंतर

घटस्फोटाच्या पानाविषयी माझे मत ठाम आहे. स्वतःविषयी हवे ते लिहावे, पण ज्या दुसऱ्या व्यक्तीची ओळख पटते तिच्याविषयीचे प्रत्येक वाक्य तिला दाखवून, तिची संमती घेऊनच छापावे, आणि संमती नसेल तर ते वाक्य काढावे. त्या मित्राला हे फोनवर सांगा, संदेशातून नको. बहुतेक वेळा माणूस स्वतःच म्हणतो की एवढे राहू दे. मुलांची नावे, त्यांच्या शाळा-कॉलेजांची नावे आणि घरचे पत्तेही छापू नयेत. स्मरणिका तुकडीपुरती असते असे आपण म्हणतो, पण एकदा पीडीएफ ग्रुपवर पडली की ती कुठे जाईल यावर कोणाचा ताबा राहत नाही.

आणि आलेले प्रत्येक पान छापण्यापूर्वी संपादकाने स्वतः, शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. हे सांगावे लागते याचे कारण हार्वर्डच्याच १९६२ च्या तुकडीत आहे. त्या तुकडीच्या पन्नासाव्या वर्षी, २०१२ मध्ये, माजी विद्यार्थ्यांच्या सूचीत टेड काझिन्स्की याचीही नोंद छापली गेली. टपालाने बॉम्ब पाठवून तीन जणांचे प्राण घेतल्याबद्दल तो तुरुंगात होता. व्यवसायाच्या रकान्यात 'कैदी' आणि पुरस्कारांच्या रकान्यात 'आठ जन्मठेपा' असे छापले गेले, आणि नंतर माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेला खेद व्यक्त करावा लागला. पुरस्कारांचा रकाना ठेवला की त्यात कोण काय भरील हे सांगता येत नाही, हा त्यातला गमतीचा भाग झाला. न वाचता छापल्यामुळे ज्यांची माणसे गेली त्यांना काय वाटले असेल, तो भाग मात्र गमतीचा नाही.

आता हयात नसलेल्यांविषयी. आमच्याकडे दहाव्या वर्षीच्या स्मरणिकेत शेवटी काळ्या चौकटीचे एक पान होते. पंचविसाव्या वर्षी मी ते काढले आणि त्यांची नावे वर्णानुक्रमाने इतरांबरोबरच ठेवली. प्रत्येकासाठी त्याच्या जवळच्या मित्राकडून अर्धे पान लिहून घेतले आणि घरच्यांना दाखवून छापले. तो कसा गेला यापेक्षा पदवीनंतर तो काय करत होता यावर ते पान असावे एवढीच अट घातली होती.

सरळरेघ

याला माझा विरोध आहे. वर्णानुक्रमाने पाने उलटताना एखाद्या मित्राच्या मृत्यूची बातमी अचानक समोर यावी हे मला क्रूर वाटते, विशेषतः ज्याला ती आधी ठाऊकच नसेल त्याच्यासाठी. निदान सुरुवातीच्या यादीत नावापुढे साधी खूण असावी.

मध्यंतर

यादीतील खूण मान्य आहे, ती आम्हाला सुचली नव्हती. पाने मात्र मी वेगळी काढणार नाही. ज्यांच्या घरच्यांशी आम्ही बोललो त्यांपैकी बहुतेकांनी स्मरणिका हातात आल्यावर आधी हेच पाहिले की आपल्या माणसाचे पान इतरांच्या पानांमध्ये आहे की नाही.

अनुलेखा

ठीक आहे, यादीत खूण आणि पाने वर्णानुक्रमानेच. घटस्फोटाच्या पानाबद्दल मित्राशी आज बोलले. तिला दाखवायला तो स्वतःच तयार झाला, फक्त पाठवायचे मी, असे ठरले. तिचे उत्तर यायचे आहे. आणि 'विशेष काही नाही' लिहिणाऱ्या आमच्या हुशार मैत्रिणीला उद्या संध्याकाळी फोन करणार आहे. तिला निर्णयाचा प्रश्न विचारू की पहिल्या नोकरीचा, यावर कोणाचे काही मत असल्यास त्याआधी कळवावे.

उत्तरार्ध

पहिल्या नोकरीचा. निर्णयाच्या प्रश्नाला हुशार माणसे तयार उत्तरे देतात.